जवस तेलाच्या बाटलीवर गाळपाची तारीख हवी

जवसाच्या तेलावरून जो वाद चालतो, त्यात दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि मुद्द्याचं बोलायचं तेवढं राहून जातं. एक बाजू सांगते की हे शाकाहाऱ्यांसाठी माशाच्या तेलाला तोडीस तोड आहे. रोज एक कॅप्सूल घ्या, कोलेस्टेरॉल उतरेल, सांधे मोकळे होतील, रक्तवाहिन्या साफ होतील. दुसरी बाजू म्हणते की जवसात सायनाइड असतं, गरोदरपणात ते घातक ठरतं, प्रोस्टेटचा कर्करोग बळावतो, आणि मुळात रंगकामाचं तेल पोटात घालायचंच कशाला? पहिली बाजू बियांवर झालेल्या अभ्यासांचं श्रेय तेलाला देते, दुसरी बियांमधल्या द्रव्याचा दोष तेलाच्या माथी मारते. कॅप्सूलमध्ये नेमकं किती ग्रॅम काय आहे आणि ते तेल कधी गाळलेलं आहे, हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही.

माझं मत आधीच सांगतो. जवसाचं तेल हे चांगलं अन्न आहे, पण ते फार लवकर बिघडतं. ते औषधाच्या थाटात कॅप्सूलमध्ये भरून, दीड-दोन वर्षांची मुदत छापून विकायचं आणि त्यावर गाळपाची तारीखसुद्धा द्यायची नाही, ही ग्राहकाची फसगत आहे. ज्या फायद्यांच्या नावावर ते खपतं, त्यातले बरेचसे दळलेल्या बियांवर दिसले आहेत, तेलावर नाहीत. म्हणून ‘जवस तेल चांगलं की वाईट’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘कोणत्या रूपात, किती आणि किती ताजं’ हे विचारायला हवं.

आधी विकणाऱ्यांच्या बाजूने जे खरं आहे ते मान्य करू. जवसाच्या बीत ३५ ते ४५ टक्के तेल असतं आणि त्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग अल्फा लिनोलेनिक आम्ल, म्हणजे एएलए, असतो. हे वनस्पतींमधलं ओमेगा-३. शरीर ते स्वतः बनवू शकत नाही, ते अन्नातूनच यावं लागतं. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने पुरुषांसाठी रोज १.६ ग्रॅम आणि स्त्रियांसाठी १.१ ग्रॅम एएलए पुरेसं मानलं आहे. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल या आपल्या नेहमीच्या तेलांत ते जवळजवळ नसतंच. जो मासे खात नाही, ज्याच्या घरी सोयाबीन किंवा मोहरीचं तेल वापरात नाही, त्याच्या ताटात ओमेगा-३ खरोखरच तोकडं पडतं. युरोपीय संघाने तर ‘रक्तातलं कोलेस्टेरॉल प्रमाणात राखायला एएलए हातभार लावतं’ असं वेष्टनावर छापायची परवानगीही दिली आहे. अट अशी, की ग्राहकाला रोज २ ग्रॅम एएलए घेतल्यावरच हा परिणाम मिळतो हे सांगितलं पाहिजे.

आता हे २ ग्रॅम मोजून पाहा. १००० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये साधारण अर्धा ग्रॅम एएलए असतं, ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये त्याच्याही निम्मं. म्हणजे २ ग्रॅमसाठी मोठ्या कॅप्सूल रोज चार लागतात. तेवढंच एएलए चहाच्या एका चमचाभर ताज्या तेलातून मिळतं, किंवा दहा ग्रॅम जवसातून, म्हणजे जेवताना ताटात वाढलेल्या सढळ दीड चमचा चटणीतून. रोज एक कॅप्सूल घेणारा माणूस ओमेगा-३ घेतो आहे हे खरं, पण ज्या मात्रेवर दावा उभा आहे, तिच्या चौथाईच घेतो आहे. पाकिटावर ‘१००० मिलिग्रॅम’ ठळक छापलेलं असतं ते तेलाचं वजन. एएलएचा आकडा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत शोधावा लागतो.

‘माशाच्या तेलाला पर्याय’ या दाव्याचं काय? मासळीत ईपीए आणि डीएचए ही लांब साखळीची ओमेगा-३ तयार मिळतात. तारली किंवा बांगडा खाणाऱ्याला ती थेट पोहोचतात. एएलएपासून ती शरीराला बनवावी लागतात, आणि हे रूपांतर फारच थोडं होतं: ईपीए काही टक्के, डीएचए बहुतेकांत एखादा टक्काही नाही. तरुण स्त्रियांत ते पुरुषांपेक्षा जास्त होतं, तरीही मर्यादितच. शिवाय हे रूपांतर करणारं विकर (एन्झाइम) सूर्यफूल-करडईतल्या ओमेगा-६ साठीही तेच असतं. रोजचं तळण-फोडणी सूर्यफुलाच्या तेलात आणि वर एक जवसाची कॅप्सूल, असा बेत असेल तर त्या विकरासाठीच्या स्पर्धेत एएलए मागे पडतं. ज्या शाकाहारी माणसाला डीएचए हवंच आहे, उदाहरणार्थ गरोदर स्त्रीला, तिच्यासाठी शेवाळापासून काढलेलं डीएचए उपलब्ध आहे. मासे ते शेवाळाच्या अन्नसाखळीतूनच मिळवतात. जवस तेल त्या जागी बसत नाही.

हृदयविकाराबाबत बाजूने बोलणारा सर्वांत भक्कम पुरावा फ्रान्समधल्या ल्योंचा. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ६०५ रुग्णांच्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. एएलए वाढवलेला आहार घेणाऱ्यांत मृत्यू आणि पुन्हा येणारे झटके स्पष्टपणे कमी होते. पण तिथे एएलए रेपसीडच्या (मोहरीच्या जातीच्या बियांच्या) तेलापासून बनवलेल्या मार्गारिनमधून, म्हणजे लोण्यासारख्या वनस्पती स्निग्धातून, दिलं होतं, आणि त्याच्या जोडीला भाज्या, फळं, डाळी वाढवल्या होत्या, मांस आणि लोणी कमी केलं होतं. श्रेय कशाला द्यायचं? तो गुंता सोडवण्यासारखी चाचणी पुढे नेदरलँड्समध्ये झाली. ४,८३७ रुग्ण, सगळ्यांना आधी झटका येऊन गेलेला, वय ६० ते ८०. काहींच्या मार्गारिनमध्ये रोजचं २ ग्रॅम एएलए, काहींच्या मार्गारिनमध्ये ईपीए-डीएचए, काहींच्या दोन्ही, काहींच्या काहीच नाही. ४० महिन्यांनी, २०१० साली, निकाल आला: मोठ्या हृदयविकारी घटनांत संख्याशास्त्रीय दृष्ट्या ठोस म्हणावी अशी घट एएलएने झाली नाही. नंतरच्या मोठ्या आढाव्यांतही एएलएचा परिणाम झालाच तर किंचित, असंच दिसतं. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन किंवा रक्तदाबाची गोळी बंद करून त्या जागी जवसाची कॅप्सूल घ्यावी, याला यातून तसूभरही आधार मिळत नाही.

मग जवसाने रक्तदाब उतरतो, कोलेस्टेरॉल कमी होतं, हे सगळं आलं कुठून? आलं ते खरंच आहे, पण दळलेल्या बियांतून. कॅनडात पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या ११० रुग्णांवर एक चाचणी झाली. एका गटाला रोज ३० ग्रॅम दळलेलं जवस पाव-मफिनसारख्या पदार्थांतून सहा महिने दिलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात वरचा रक्तदाब दुसऱ्या गटापेक्षा सुमारे १० आणि खालचा सुमारे ७ अंकांनी कमी निघाला. अन्नातल्या एका घटकाने इतका फरक पडणं ही मोठी गोष्ट आहे, आणि त्यात एएलएचाही वाटा असू शकतो, हे मी मान्य करतो. पण त्या ३० ग्रॅममध्ये एएलएखेरीज चोथा होता, बुळबुळीत विद्राव्य तंतू होते, बीच्या सालातली लिग्नान नावाची वनस्पतिज द्रव्यं होती. तेल गाळलं की हे सगळं ढेपेत राहतं. कोलेस्टेरॉलवरच्या २८ चाचण्यांचा एकत्रित आढावा २००९ साली आला, त्यातही अख्ख्या जवसाने आणि लिग्नानने कोलेस्टेरॉल घटलं, तेलाने नाही. कॅनडा सरकारच्या आरोग्य खात्याने २०१४ साली ‘कोलेस्टेरॉल कमी करायला मदत’ असा दावा मान्य केला तो दळलेल्या अख्ख्या जवसासाठी. इतके पुरावे बीच्या बाजूने असताना जाहिरातीत बी दाखवायची आणि पाकिटात तेल द्यायचं, हे कसं चालवून घ्यायचं?

असं आपल्याकडे आधी घडलेलं आहे. करडईचं तेल ‘हृदयाचं तेल’ म्हणून महाराष्ट्रात कितीतरी घरांत शिरलं, ते कोलेस्टेरॉल कमी करतं एवढ्या आधारावर. कोलेस्टेरॉल कमी होत होतं हे खरंच होतं. पण सिडनीत १९६६ ते १९७३ दरम्यान ४५८ पुरुषांवर झालेल्या चाचणीची जुनी आकडेवारी शोधून २०१३ साली पुन्हा तपासली, तेव्हा करडईचं तेल आणि त्याचं मार्गारिन घेणाऱ्या गटात १७.६ टक्के मृत्यू दिसले, तर नेहमीचा आहार घेणाऱ्या गटात ११.८ टक्के. एका चाचणीवरून करडईला विष ठरवणं चूक होईल. तो गट जितकं तेल खात होता तितकं आपण खात नाही. पण रक्तातला एक आकडा सुधारला म्हणजे आयुष्य वाढलं, ही उडी किती धोक्याची असते, ते यातून दिसतं. दुसरं उदाहरण जर्मनीतलं. योहाना बुडविग यांनी १९५० च्या दशकापासून जवस तेल आणि पनीरासारखं मऊ चीज एकत्र घुसळून कर्करोगावर उपाय म्हणून सुचवलं. तो आहार आजही मोबाइलवरून मराठी घरांत पोहोचतो. इतक्या दशकांत त्याने कर्करोग बरा होतो हे दाखवणारी एकही नियंत्रित चाचणी झालेली नाही, आणि त्याच्या भरवशावर उपचार लांबवलेल्या रुग्णाला गेलेले महिने परत मिळत नाहीत.

परंपरेचा दाखला देणाऱ्यांनाही एक सांगायला हवं. विदर्भात भाकरीबरोबर, तिखटावर कच्चं जवस तेल घ्यायची रीत जुनी आहे आणि ती उत्तम आहे. ते तेल जवळच्या घाण्यावरचं असे, थोडं थोडं आणलेलं असे आणि संपेपर्यंत ताजं राही. दोन वर्षं टिकवलेल्या कॅप्सूलला या परंपरेचा वारसा सांगता येत नाही. आयुर्वेदाचे निघंटू, म्हणजे वनस्पतींचे गुणधर्म सांगणारे ग्रंथही, अतसीची (जवसाची) नुसती स्तुती करत नाहीत. ती उष्ण, पचायला जड, दृष्टी आणि शुक्राला अहितकारक, असंही तिथे म्हटलं आहे. परंपरा पुढे करायची तर ती पूर्ण करावी.

आता विरोधकांकडे वळू. सायनाइडचा मुद्दा खोटा नाही. जवसाच्या बीत सायनाइड सोडणारी ग्लायकोसाइड असतात, आणि कच्ची बी दळून ओली केली की बीमधलंच विकर त्यांतून हायड्रोजन सायनाइड मोकळं करतं. जवसाची ढेप जनावरांना कोमट पाण्यात भिजवून ठेवून घालू नये, चांगली उकळून घालावी, असं सांगतात ते याच कारणाने. पण ही द्रव्यं पाण्यात विरघळणारी आहेत, तेलात नाहीत. गाळपानंतर ती ढेपेतच राहतात. म्हणजे तेलाविरुद्ध हा मुद्दा उभाच राहत नाही. चटणीत बी भाजली जाते, विकर उष्णतेने निकामी होतं, काही सायनाइड उडूनही जातं. दिवसाला एक-दोन चमचे चटणीने निरोगी माणसाला काही होत नाही. जपायचं ते कच्च्या जवसाची वाटीभर पूड एकदम स्मूदीत घालणाऱ्यांनी आणि लहान मुलांना कच्ची पूड देणाऱ्यांनी.

प्रोस्टेटचा संशय २००४ च्या एका आढाव्यामुळे पसरला. पुढच्या मोठ्या आढाव्यांत तो संबंध टिकला नाही. गरोदरपणाबाबत मात्र मी विरोधकांच्या बाजूने आहे. कॅनडातल्या क्विबेकमध्ये गरोदर स्त्रियांच्या पाहणीत जवसाचा वापर आणि वेळेआधी प्रसूती यांचा संबंध आढळला. ती निरीक्षणात्मक पाहणी आहे, कारण सिद्ध करत नाही. पण मिळण्यासारखं थोडं आणि गमावण्यासारखं फार मोठं असताना कॅप्सूल आणि चमच्याने तेल, दोन्ही टाळावं. भाजीवर चिमूटभर चटणी पडली म्हणून मात्र घाबरू नये. वॉरफॅरिन, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन अशी रक्त पातळ ठेवणारी औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता रोजची मात्रा सुरू करू नये, आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर आपण हे घेतो हे आधीच सांगावं. दळलेलं जवस घेणाऱ्यांनी भरपूर पाणी प्यावं, नाहीतर तो चिकट चोथा आतड्यात अडतो. आणि इतर गोळ्यांत नि त्यात तास-दोन तासांचं अंतर ठेवावं, कारण तो औषधाचं शोषण मंदावतो.

‘रंगकामाचं तेल’ हा आक्षेप बहुतेक लोक हसण्यावारी नेतात. मला तो सगळ्यांत गंभीर वाटतो, कारण सगळ्या प्रकरणाचं मर्म त्यातच आहे. एएलएच्या साखळीत तीन दुहेरी बंध असतात आणि त्यांच्यामधल्या जागा प्राणवायूला सहज सापडतात. शेंगदाणा किंवा ऑलिव्ह तेलातल्या ओलेइक आम्लापेक्षा एएलए वीस-पंचवीस पट वेगाने ऑक्सिडाइझ होतं, म्हणजे प्राणवायूशी संयोग होऊन बदलतं. हवेत ठेवलं की जवस तेल घट्ट होतं, मग त्याचा चिवट पापुद्रा बनतो. फ्रेडरिक वॉल्टन यांनी याच गुणावर १८६३ साली लिनोलियमच्या फरशीचं पेटंट घेतलं. या क्रियेत उष्णता बाहेर पडते, इतकी की जवस तेलाची फडकी ढीग करून ठेवली तर आपोआप पेट घेतात. फिलाडेल्फियात फेब्रुवारी १९९१ मध्ये एका ३८ मजली इमारतीला अशाच फडक्यांमुळे आग लागली आणि अग्निशमन दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. ज्या तेलाला हवेची इतकी ओढ आहे, ते दुकानाच्या उजेडाच्या मांडणीवर पारदर्शक बाटलीत महिनोन्‌महिने उभं राहतं, आणि लोक ते आरोग्यासाठी विकत घेतात. याची चिंता कोणालाच कशी नाही?

बिघडलेलं तेल ओळखणं अवघड नाही. ताज्या तेलाला दाण्यासारखा सौम्य, थोडासा गवताळ वास असतो. जुन्याला आधी कडवट चव येते, कारण त्यातले काही पेप्टाइड (प्रथिनांसारखे छोटे रेणू) ऑक्सिडाइझ होऊन कडू होतात. मग ऑइल पेंटसारखा किंवा मासळीसारखा वास येतो. ‘कडू आहे म्हणजे औषधी आहे’ ही समजूत इथे साफ उलटी आहे. कॅप्सूलची अडचण हीच, की ती वास आणि चव दोन्ही झाकते. तुमच्याकडे डबी असेल तर एक कॅप्सूल कात्रीने कापून तेल तळहातावर घ्या, चोळा आणि वास घ्या. रंगाच्या दुकानाची आठवण झाली तर डबी टाकून द्या. तेल घ्यायचंच असेल तर गडद काचेची, १०० ते २५० मिलीची बाटली घ्या, गाळपाची तारीख विचारा, घरी फ्रिजमध्ये ठेवा आणि उघडल्यावर सहा आठवड्यांत संपवा. ते तापवू नका. साधारण १०७ अंशांनाच त्यातून धूर निघायला लागतो. फोडणी दुसऱ्या तेलाची द्या आणि हे वरून घाला: ठेच्यावर, कोशिंबिरीत, गरम भाकरीच्या पापुद्र्यात. एक चमचा पुरे. जेवणाचा मोठा चमचा म्हणजे १२० कॅलरी, हे विसरू नका.

हार्डवेअरच्या दुकानातलं किंवा क्रिकेटच्या बॅटीला लावायचं तेल कधीही पोटात घालू नये. ‘डबल बॉइल्ड’ लिहिलेल्या तेलात ते लवकर वाळावं म्हणून कोबाल्ट, मँगनीजसारख्या धातूंची संयुगं मिसळलेली असतात. ‘रॉ’ लिहिलेलंही खाण्यासाठी गाळलेलं नसतं. लाकडी घाण्याचं तेल चांगलं, पण सुटं आणि कोणाच्याही जुन्या बाटलीत भरून दिलेलं घेऊ नये. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळल्याने साठहून अधिक माणसं दगावली. सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीवर बंदी घालण्यामागे तो अनुभव आहे.

कोणी म्हणेल, कायदा आहेच की. मधुमेह, कर्करोग, हृदयविकार बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. पूरक आहाराच्या वेष्टनावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ हे छापावं लागतं. तेवढं छापलंही जातं. पण या तेलाच्या बाबतीत ग्राहकाला नेमकी जी माहिती हवी, ती त्यात नाही. पॅकिंगची तारीख म्हणजे गाळपाची तारीख नव्हे. पिंपात चार महिने पडलेलं तेल आज कॅप्सूलमध्ये भरलं तर तारीख आजची पडते. वेष्टनावर चार गोष्टी सक्तीच्या असाव्यात: गाळपाचा महिना, एका मात्रेत एएलए किती ग्रॅम, भरतानाचं पेरॉक्साइड मूल्य (तेल किती ऑक्सिडाइझ झालं आहे हे सांगणारा आकडा), आणि ‘उघडल्यावर फ्रिजमध्ये, सहा आठवड्यांत’ ही सूचना. अन्नाची मानकं ठरवणाऱ्या कोडेक्स या संस्थेच्या आंतरराष्ट्रीय मानकात थंड गाळपाच्या तेलासाठी पेरॉक्साइडची वरची मर्यादा १५ एकक आहे. ती तपासणी कोणत्याही साध्या तेल प्रयोगशाळेत होते. यावर छोटे घाणेवाले म्हणतील की हा खर्च आम्हाला परवडणार नाही. ही अडचण खरी आहे. त्यांना पेरॉक्साइडची अट सुरुवातीला सोडावी, पण गाळपाची तारीख हाताने लिहायला खर्च येत नाही, आणि त्यात फायदा त्यांचाच आहे. मोठ्या कंपनीला गाळपाची तारीख लपवावीशी वाटेल. भंडारा-चंद्रपूरच्या घाणेवाल्याकडे मिरवण्यासारखी तीच एक गोष्ट आहे. धानाची कापणी व्हायच्या आधी बांधीतल्या ओलीवर फेकलेलं उतेऱ्याचं जवस तिथल्या शेतकऱ्याच्या घरात आजही येतं, आणि त्याला भाव मिळायचा तर ताजेपणावरच मिळेल.

ज्यांना यातलं काहीच करायचं नाही, त्यांच्यासाठी अख्खं जवस आहे. कोरड्या डब्यात ते सहज वर्षभर टिकतं, कारण टणक साल तेलाला हवेपासून जपते. तसंच गिळलं तर बहुतेक न पचता बाहेर पडतं, म्हणून दळायलाच हवं. मध्यम आचेवर सतत हलवत भाजावं. तडतड सुरू होऊन मंदावली की लगेच उतरवावं, काळं होऊ देऊ नये. पूर्ण गार झाल्यावर लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून भरड वाटावं. लसूण ओला असेल तर आधी परतून घ्यावा, नाहीतर चटणीला लवकर वास लागतो. पंधरा दिवस पुरेल एवढीच करावी.